झोडणीच्या दिवसांतला एक खोकला

दिवाळी आटोपते, आकाशकंदील माळ्यावर जातो आणि आमच्या आसनगावच्या इमारतीच्या मागून पेंढ्याचा वास यायला लागतो. मागं शेत म्हणावं असं आता फारसं उरलेलं नाही. दोन्ही बाजूंनी प्लॉटची कुंपणं आली आहेत. तरी मधल्या तुकड्याचा मालक हट्टानं भात लावतो, कापतो आणि कोवळ्या उन्हात भारे आणून खळ्यावर टाकतो. सकाळी गॅलरीत चहा घेऊन उभं राहावं तर खालून धप्, धप् असा आवाज येतो. नवरा पेपरातून डोकं वर न काढता विचारतो, "गाद्या कोण झोडतंय गं एवढ्या सकाळी?" इतकी वर्षं इथं राहून या माणसाला भात आणि गादी यांतला फरक कळू नये, याचं मला दर वर्षी नव्यानं नवल वाटतं. पण मी वाद घालत नाही. तो आवाज आला की मी मनानं टोकावड्याच्या रस्त्याला लागलेली असते.

माझं काम नेमकं काय, हे आमच्या घरात कुणालाच पाहुण्यांना नीट सांगता आलेलं नाही. वृद्धाश्रमात, निवासी घरांत जी माणसं म्हाताऱ्यांना, आजाऱ्यांना सांभाळतात, त्यांचे मी गट घेते. आपलं काम आपणच मिळून तपासायचं, काय बरं जमतं, कुठं अडतं, काय बदलायचं, ते एकमेकींत बोलून ठरवायचं. वरून साहेब येणार नाही, गुण देणार नाही. मी नुसती बोलणं सुरू करून द्यायची आणि ते भरकटलं तर वळवायचं. नवरा हे सगळं एका वाक्यात उरकतो. "हिला लोकांना गोल बसवायचा पगार मिळतो." चेष्टा सोडली तर यात खोटं काही नाही. रांगेत बसलेली माणसं समोरच्याचं ऐकतात आणि गोल बसलेली एकमेकांकडं बघतात, एवढ्याच भांडवलावर माझं निम्मं आयुष्य गेलं.

ज्या हंगामाची आठवण येते, त्या हंगामात मी टोकावड्याच्या अलीकडच्या एका वृद्धाश्रमात दर आठवड्याला जात होते. किन्हवलीवरून जाणारी एसटी धरायची. खिडकीची काच कधी बंद व्हायची नाही आणि बंद झाली तर उघडायची नाही. दोन्ही बाजूंना कापून मोकळी झालेली खाचरं, त्यांतल्या ओलीवर टाकलेला वाल, आणि जागोजागी खळी. खळ्यावरचा भुसा उडून थेट बसमध्ये यायचा. आमचा कंडक्टर तिकीट फाडायचा आणि शिंकायचा, शिंकायचा आणि फाडायचा. माझ्या अंगाला भाताची कुसळं लागून खाज सुटायची. तरी तो प्रवास मला आवडायचा. उतरल्यावर समोर घाटाचे डोंगर असायचे, आणि सकाळच्या धुक्यात त्यांचा फक्त वरचा भाग दिसायचा.

आश्रम म्हणजे एक लांबलचक बैठी इमारत. एका रांगेत खोल्या, पुढं व्हरांडा. कुंपणापलीकडं शेजाऱ्याचं खळं होतं, त्यामुळं झोडणीचे सगळे आवाज व्हरांड्यात यायचे. म्हातारी मंडळी उन्हाला बसून ते ऐकायची. आयुष्यभर शेती केलेली माणसं ती. भारा आपटला की कुणाची मान हलायची, कुणाची बोटं मांडीवर वळायची. दोन आज्या तर शेजाऱ्याची झोडणी नीट चाललीय की नाही यावरून रोज भांडायच्या आणि जेवणाची घंटा झाली की समेट करायच्या. मी पिशवी घेऊन त्यांच्यासमोरून जायचे, तेव्हा एक आजी हमखास विचारायची, "आज काय शिकवनार बायांना? भात झोडायचा?"

सांभाळणाऱ्या बाया आसपासच्या गावांतल्याच होत्या. साडीवर निळा ॲप्रन, पदर ॲप्रनच्या आत घट्ट खोचलेला. सकाळी आपल्या नाहीतर दुसऱ्याच्या खळ्यावर काम करून त्या ड्युटीवर यायच्या. केसांत पेंढ्याच्या काड्या तशाच. मी त्यांना गोल बसवलं. कामाचा एकेक भाग घेऊ, म्हटलं, आणि एकमेकींचं काम कसं वाटतं ते सांगू.

"चांगला वाटतो," पहिली म्हणाली.

"चांगलाच हाय," दुसरी म्हणाली.

"सगल्याच चांगल्या हायत, ताई," तिसरीनं समारोपच केला.

पुढच्या आठवड्यातही त्या सगळ्या चांगल्याच होत्या. माझा चेहरा पाहून वनिताबाईंना दया आली असावी. वनिताबाई म्हणजे सगळ्यांत वयानं मोठ्या, अंगानं भरलेल्या, नकला करण्यात पटाईत. मला बाजूला घेऊन त्या म्हणाल्या, "ताई, तुमी रागावू नका. आज हिला मी बोलले का तुझा हात जड पडतो, आन् उद्या हिच्याच खळ्यावर मला झोडाया जायचंय. परवा ती माझ्याकडं येनार. सावड मोडंल ना आमची." सावड म्हणजे एकमेकींच्या शेतावर आळीपाळीनं काम करण्याची त्यांची पद्धत. आज तुझं, उद्या माझं. त्या सावडीवर त्यांचं वर्षाचं भात घरात येत होतं. माझ्या गोल खुर्च्यांसाठी त्यांनी ती पणाला का लावावी? मलाही ते पटलं. आम्ही एकमेकींना नावं ठेवायचं सोडून दिलं आणि दुसरा खेळ सुरू केला. एकीनं आजी-आजोबा व्हायचं, डोळ्यांवर रुमाल बांधायचा. दुसरीनं तिला रोजच्यासारखं भरवायचं, उठवायचं, कूस बदलायची. बाकीच्यांनी बघायचं. मग चांगलं-वाईट काही म्हणायचं नाही, फक्त काय दिसलं ते सांगायचं, आणि रुमाल बांधलेलीनं आपल्याला काय वाटलं ते सांगायचं. हा खेळ त्यांना आवडला, कारण त्यात नाटक होतं आणि वनिताबाईंना वाव होता.

याच दिवसांत आश्रमात सगळ्यांच्या जिवाला एक घोर लागला होता, धर्माबाबांचा. धर्माबाबा मुरबाड तालुक्यातल्याच एका गावचे शेतकरी, नव्वदीला टेकलेले. बायको गेली, मुलगा कल्याणला एका खोलीत राहतो, म्हणून ते इथं आले. डोळ्यांनी जवळजवळ दिसत नव्हतं. हात थरथरायचे, त्यामुळं भरवावं लागायचं. माणूस शांत. मागणं एकच, तांदळाची भाकरी आणि सुकट. पण जेवायला बसवलं की त्यांना खोकला यायचा. दोन घास जातात न जातात तोच खोकला, आणि ताट परत. मुरबाडहून येणारे डॉक्टर काळजीत पडले होते. घास श्वासनळीत जातोय की काय, अशी त्यांना शंका होती. खात्री होईपर्यंत भाकरी बंद, फक्त गाळलेली पेज. बाबा पेजेपासून तोंड फिरवायचे. गळ्याची हाडं वर आली होती. वजन असंच उतरत राहिलं तर कल्याणच्या रुग्णालयात नेऊन नाकातून नळी घालावी लागेल, असं डॉक्टरांनी मोठ्या सिस्टरना स्पष्ट सांगितलं होतं. आश्रमाचा कारभार बघणाऱ्या या सिस्टर एरवी कडक, पण हे सांगताना त्यांनी माझा हात धरला. "नळी घातल्यावर परत आलेला माणूस मी इथं फार पाहिला नाही हो," त्या म्हणाल्या.

बाबांना भरवण्याचं काम संगीताकडं होतं. संगीता चाळिशीची, किडकिडीत, कामाला वाघ. तिचं सासर बाबांच्याच गावचं. गावचं माणूस असलं की म्हाताऱ्याला बरं वाटेल, म्हणून सिस्टरनी मुद्दाम तिची नेमणूक केली होती आणि पहिल्याच दिवशी बाबांना मोठ्यानं सांगितलंही होतं, "ही तुमच्या गावची सून, बरं का!" ताट परत आलं की संगीता स्वयंपाकघराच्या मागं जाऊन रडायची. आपल्याच हातून म्हातारा मरणार, असं तिच्या मनानं घेतलं होतं.

त्या दिवशी गटात भरवण्याचा खेळ होता. वनिताबाईंनी रुमाल बांधला, मांडी ठोकून बसल्या आणि म्हणाल्या, "मी धर्माबाबा." सगळ्या हसल्या. संगीता ताटली घेऊन समोर बसली. बाहेर धप्, धप् चाललं होतं. तिनं घास केला. मऊ, छोटा, बोटांनी नीट वळलेला. वनिताबाईंनी दोन घास खाल्ले आणि मग नक्कल वठवायची म्हणून घसा ताणून बाबांसारखाच खोकला काढला.

संगीताचा हात हवेत थांबला. दुसरा हात खांद्याकडं गेला, पदर शोधू लागला, ॲप्रनमध्ये खोचलेला तो सापडेना, तरी शोधत राहिला. मान खाली गेली. ताटली घेऊन ती उठली, दोन पावलं मागं सरली आणि दाराच्या आडोशाला जाऊन उभी राहिली.

सगळ्या खो खो हसल्या. मीसुद्धा. वनिताबाई रुमालाआडून विचारत होत्या, "का गो, काय झाला? घास कुठं गेला माझा?" मग एकेकीचं हसू थांबत गेलं. सगळ्यांत शेवटी माझं थांबलं, कारण मला सगळ्यांत उशिरा कळलं.

गटात प्रज्ञा नावाची एक तरुण मुलगी होती, आसनगावहून यायची, नर्सिंगचा छोटा कोर्स केलेली. तिच्या घरात पदराचे रिवाज नव्हते. तिनं सरळ विचारलं, "संगीताताई, तुम्ही मागं का गेलात?"

"मी कुठं गेली?" संगीता म्हणाली. मग तिनं स्वतःचे पाय कुठं आहेत ते पाहिलं. "आपोआप झाला ता. सासरा खाकरला का मागं व्हयाचा असतो ना."

ते मला आता चार ओळींत सांगता येतं. या बाजूच्या जुन्या घरांत मोठं माणूस ओटीवरून आत यायच्या आधी घसा खाकरतं. मी येतोय, सुनांनी पदर घ्या, आडोशाला व्हा, असा त्याचा अर्थ. सुना बाजूला होतात, बोलत नाहीत, तोंडाला तोंड देत नाहीत. धर्माबाबा नात्यानं संगीताचे चुलत सासरे लागत होते. दिसत नसलं तरी न बोलता भरवणारे हात सुनेचे आहेत, हे त्यांना ठाऊक होतं. मग दोन घासांनंतर त्यांना अवघडल्यासारखं व्हायचं. सून इतक्या जवळ बसलीय, तिला पदर घ्यायला सवड द्यावी, म्हणून ते खाकरायचे. आणि ते खाकरले की संगीता मान ठेवून ताटासकट मागं सरायची. म्हाताऱ्याला वाटायचं, जेवण संपलं. तिला वाटायचं, बाबांना खोकला आला. दोघंही एकमेकांचा मान राखत होते आणि त्यात म्हातारा उपाशी राहत होता.

"पन सकाळच्या चहाला तर ते कधीच खोकत नायत," एक जण हळूच म्हणाली. "चहा मी देते."

"मग बोलली का नाय आधी?" वनिताबाईंनी रुमाल काढून तिच्यावर डोळे वटारले.

"कोनी इचारला का?"

खरं होतं. आम्ही एकमेकींना चांगलं म्हणण्यात गुंतलो होतो.

पुढं काय करायचं यावर मात्र गटात चांगलीच जुंपली, आणि ती मी जुंपू दिली. प्रज्ञा म्हणाली, "सोपं आहे. बाबांना मी भरवते, संगीताताईंनी दुसरी खोली घ्यावी." बऱ्याच जणींना ते पटलं. एक म्हणाली, मुलाला बोलावून बाबांना समजावू. वनिताबाई म्हणाल्या, नव्वद वर्षांच्या माणसाला काय समजावणार, अदलाबदल करा आणि मोकळ्या व्हा.

"माझ्याकडून काढू नका त्यांना," संगीता म्हणाली. "मी दिसली नाय तर ते बोलतील, सून पन सोडून गेली. आदी बायको गेली, मंग पोरानं इथं आनला. आता मी बी?"

"मग बोलावं लागेल तुला त्यांच्याशी," प्रज्ञा म्हणाली. "खाकरले तरी जागचं हलायचं नाही."

"ताच तर होत नाय ना, गो!" संगीता अक्षरशः ओरडली. "एकवीस सालाची आली मी त्या गावात. त्यांच्याम्होरं तोंड उघडला नाय कदी. गावात कलला तर काय बोलतील? म्हातारा आंधला झाला म्हनून सून माजली."

बाहेरचं झोडणं नेमकं थांबलं होतं, बहुधा चहा आला असेल. मी या कामात नवखी असते तर तेव्हा काहीतरी शहाणपणाचं बोलले असते. वनिताबाईंनीच शेवटी खुर्ची पुढं ओढली, संगीताचा गुडघा धरला आणि म्हणाल्या, "गावात कोन सांगंल? आमीच ना? आमी तर तुझ्या सावडीतल्या. बोल तू. गावाला काय सांगायचा ता आमी बघून घेऊ."

जी सावड मोडेल म्हणून या बाया एकमेकींच्या कामाबद्दल अवाक्षर काढत नव्हत्या, तीच सावड आता पाठीशी उभी राहिली. मूल्यमापन हा शब्द मी आयुष्यात इतक्या वेळा उच्चारलाय की तो माझ्या तोंडात चोथा झालाय. पण त्या दुपारी मला त्याचा अर्थ नव्यानं लागला. दुसरीचं काम बघायचं आणि बघितलं ते सांगायचं, एवढंच पुरत नाही. सांगितल्यावर तिच्या बाजूला जाऊन बसावंही लागतं. हे कुठल्या प्रशिक्षणात कुणी शिकवत नाही, कारण शिकवणारे दुपारच्या गाडीनं परत जातात.

सिस्टरनी त्याच दिवशी डॉक्टरांना फोन केला. त्यांनी येऊन बाबांना स्वतः पाणी पाजलं, मऊ भात भरवला, गळ्याला बोटं लावून गिळणं तपासलं. घशात काही अडत नव्हतं. डॉक्टर हसले आणि म्हणाले, मलाही माझ्या आजोबांचं खाकरणं आठवायला हवं होतं. सुकट-भाकरीला परवानगी मिळाली, घास लहान आणि माणूस ताठ बसलेला, एवढ्या अटीवर.

आता आमच्या मागच्या खळ्यावर मशीन येणार, असं मालक सांगत होता. घाटाच्या बाजूला तर कधीच आलं. दिवसाचं काम तासात उरकतं आणि बायांचे हात वाचतात, ते बरंच आहे. मी मशीनवर रुसणारी बाई नाही. मात्र सावडीचं काय होतं, ते मला बघायचं आहे. कुणाला कुणाची गरजच उरली नाही तर माझ्या गोलात बसलेल्या बाया कदाचित जास्त मोकळेपणानं बोलतील. आणि बोलून झाल्यावर गुडघ्यावर हात कोण ठेवेल, याचा मला अंदाज येत नाही. आजही मी असेच गट घेते, खुर्च्या गोल मांडते. कुणी "सगळ्याच चांगल्या आहेत" म्हणालं की आता मला राग येत नाही. इथं कुणाचं तरी काहीतरी पणाला लागलेलं आहे, एवढं समजतं.

धर्माबाबा आता नाहीत. त्या हंगामानंतर आणखी एक झोडणी त्यांनी व्हरांड्यात बसून ऐकली आणि मग झोपेतच गेले. नळी त्यांना कधी लागली नाही. जाण्याआधी त्यांची गळ्याची हाडं पुन्हा झाकली गेली होती, हे मला वनिताबाईंनी फोनवर मुद्दाम सांगितलं. मला मात्र त्यांच्याबद्दल विचार करताना डॉक्टर आले त्याच्या दुसऱ्या दिवसाची दुपार आठवते. गटाचा दिवस नसतानाही मी मुद्दाम आले होते. आम्ही सगळ्या व्हरांड्यात उगाच काहीतरी करत होतो. कुणी चादरीच्या घड्या घालत होतं, मी रिकाम्या पिशवीत काहीतरी शोधत होते. दार उघडं होतं.

संगीता आत गेली. ताटलीत तांदळाची भाकरी आणि सुकट. बाबा पाठीला उशी लावून ताठ बसले होते. तिनं पहिला घास दिला. मग दुसरा. बाबांनी तो चावला, गिळला आणि खाकरले.

संगीताचा हात खांद्याकडं गेला. तिथंच थांबला. मग खाली आला. ती जागची हलली नाही. वनिताबाईंनी हातातली चादर तोंडात कोंबली होती.

बाबांनी पुन्हा खाकरून पाहिलं. मान थोडी तिरकी करून ते थांबले. समोरचं माणूस गेलं नाही, हे त्यांना कळलं असावं.

"कोन हाय?" त्यांनी विचारलं.

"मी हाय, मामा," संगीता म्हणाली. आवाज इतका बारीक की आम्ही सगळ्या दाराकडं सरकलो. "तुमची सून. संगीता."

बाबांनी डोक्यावरची टोपी चाचपडून सारखी केली. मग ते नाव त्यांनी ओठांतल्या ओठांत म्हणून पाहिलं. एवढी वर्षं ती त्यांच्यासाठी अमक्याची बायको, तमक्याची सून होती. नाव त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं, आणि विचारायची रीत नव्हती.

"संगीता," ते म्हणाले. मग ज्या दिशेनं आवाज आला होता तिकडं तोंड वळवून त्यांनी विचारलं, "तू जेवलीस का गो?"

संगीतानं मान हलवली, मग त्यांना दिसत नाही हे आठवून डोळे पुसत म्हणाली, "नाय मामा. आदी तुमी जेवा. मंग मी जेवतंय."

"मंग दे लवकर," बाबा म्हणाले, आणि त्यांनी तोंड उघडलं.